शंका घ्या, पण तिथेच थांबू नका

पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या गरम कुंडातून हात काढून साध्या पाण्यात घाला. ते गार लागेल. बर्फ धरलेल्या हाताला तेच पाणी कोमट लागेल. मग खरं काय?

इमाम गझालींनाही (१०५८–११११) हा पेच पडला. तारा दिनाराएवढा दिसतो, पण गणित सांगतं, तो पृथ्वीहून मोठा. डोळा फसतो, तर अक्कल फसत नसेल कशावरून? ही शंका त्यांना सुमारे दोन महिने छळत होती. अल्लाहनं दिलेल्या नूरामुळे सुटलो, असं त्यांनी लिहिलं.

मला वाटतं, डोळ्याची चूक कळली ती गणितामुळे. चूक कळणं हेही ज्ञानच. म्हणून मोबाइलवर अफवा आली, की ‘कुणाचंच काही खरं नाही’ म्हणून गप्प बसू नका. त्यात अफवा पसरवणाऱ्याचंच फावतं. पुरावा मागा, तपासा, मग बोला.