राहत्या घरावर दुसरं घर

बँकेतली माझी बहुतेक नोकरी गृहकर्जाच्या टेबलावर गेली. निवृत्त व्हायच्या थोडं आधी एक जोडपं आलं होतं. कोथरूडच्या फ्लॅटचं कर्ज बरंचसं फिटलेलं, भाव चांगला चढलेला. अमेरिकेतल्या मेहुण्यांनी राहत्या घरावर मोठं कर्ज नव्याने काढलं, त्यातून जुनं फेडून उरलेल्या पैशांत दुसरं घर घेऊन भाड्याने दिलं. मग आपणही चालू कर्जावर चाळीस लाखांचं टॉप-अप काढून वाकडला वन बीएचके का घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं.

विचारात वावगं काही नव्हतं. पण मेहुण्यांचा हप्ता आणि आपला हप्ता यांत मोठा फरक आहे. तिकडे बहुतेक गृहकर्जांचा व्याजदर अगदी तीस वर्षांसाठीसुद्धा बांधलेला असतो. आपल्याकडे तो सहसा बदलता. एप्रिल २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. अवघे दहा महिने! त्यामागे गृहकर्जाचे दरही चढले आणि हप्ता तोच ठेवल्याने कितीतरी कर्जदारांची मुदत निवृत्तीच्या पलीकडे गेली.

मी त्यांच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. चाळीस लाख, ९ टक्के, पंधरा वर्षं. हप्ता साधारण ४०,५७० रुपये. भाडं त्यांच्याच अंदाजाने सोळा हजार. म्हणजे दरमहा साडेचोवीस हजार पगारातून. अकरा महिन्यांचा करार संपला आणि नवा भाडेकरू मिळेपर्यंत दोन महिने गेले, तर तेवढा काळ सगळाच हप्ता अंगावर. त्यात सोसायटीचा मेंटेनन्स, भाडेकरू असला की बिनभोगवटा शुल्क. नव्या करप्रणालीत भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वजाही होत नाही.

यजमान म्हणाले, "पण जागेचा भाव वाढेल ना?" वाढेलही. मात्र वाढलेल्या भावातून हप्ता भरता येत नाही, त्यासाठी जागा विकावी लागते.

बाईंनी तारणाचा कागद पुढे ओढला आणि मालमत्तेच्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे आमचाच पत्ता आहे."

होय. भाडेकरू वाकडला राहणार, पण गहाण कोथरूडचं घर. हप्ते तीन महिन्यांहून जास्त थकले की कर्ज बुडीत गटात जातं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याने साठ दिवसांची नोटीस येते, तीही त्याच घरावर.

दोघांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. पंधरा दिवसांनी परत आले, तेव्हा अर्जावर आठ लाखांचा आकडा होता आणि कारणाच्या रकान्यात घरदुरुस्ती लिहिलं होतं.