शेततळ्यातील रांगते पाणढेकूण : ओळख व वर्गीकरण

पावसाळा सरला की आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील शेततळ्यांत, पाझर तलावांत आणि पैनगंगा-नळगंगेच्या डोहांत तपकिरी-हिरवट, चपटे किडे दिसतात. पाण्यात उतरलेल्या माणसाला एखादा डसला की मधमाशी चावल्यासारखी आग होते. मग 'पाण्यात कीड पडली' म्हणून कोणी तळ्यात कीटकनाशक ओततो. त्याने मासे मरतात आणि तेच पाणी जनावरांच्या पोटात जाते. म्हणून आधी किडा ओळखावा, मग उपाय ठरवावा.

ही पिकावरील कीड नव्हे. ढेकूण ज्या गणात मोडतो त्याच हेमिप्टेरा गणातील नॉकोरिडी कुळाचे हे कीटक आहेत. पाणवनस्पतींवर व दगडांवर रांगत ते डासांच्या अळ्या व लहान किडे पकडतात आणि सोंडेने त्यांचा रस शोषतात.

ओळखीच्या खुणा अशा :

1. शरीर लंबगोल व चपटे, लांबी साधारण 6 ते 15 मि.मी.
2. पुढील पायांच्या मांड्या जाड. नडगी त्यावर अडकित्त्यासारखी मिटते.
3. मिशा आखूड, डोक्याखाली लपलेल्या.
4. पुढील पंखाच्या टोकाकडील पातळ भागावर शिरा नसतात.
5. मागे श्वासनळी नसते. हवा पंखांखाली साठवतात.

पाणविंचवाला मागे लांब श्वासनळी असते. पाठीवर अंडी वाहणारा नर बेलोस्टोमॅटिडी कुळाचा. उताणा पोहणारा नोटोनेक्टिडी कुळाचा. पाणभुंगेऱ्याचे कठीण पंख पाठीवर सरळ रेषेत जुळतात व त्याला चावण्याचे जबडे असतात.

कुळानंतर प्रजाती येते. भारतात नॉकोरिस, हेलिओकोरिस, लॅकोकोरिस इत्यादी प्रजाती आढळतात. डिस्टंट यांनी 1906 साली ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत या कुळाची नोंद केली. छातीच्या पुढील कडेचा आकार, पुढील पावलाचे सांधे व नख्या भिंगाखाली पाहून प्रजाती ठरते. जाती ठरविण्यासाठी नराचे जननांग तपासावे लागते. केवळ रंगावरून नाव देऊ नये.

नमुना पाठवायचा असल्यास चाळणीने पकडावा, हाताने नव्हे. 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून गाव, तारीख आणि तळे की ओढा, हे पेन्सिलीने कागदावर लिहून बाटलीत टाकावे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात तो दाखवावा.

मत्स्यबीज सोडायचे असेल तरच पाणकिड्यांचा बंदोबस्त करावा, कारण ते बारीक पिले खातात. बीज सोडण्यापूर्वी 12 ते 24 तास, वारा नसताना, हेक्टरी 56 किलो स्वस्त खाद्यतेल व 18 किलो साबण यांचे मिश्रण पाण्यावर पसरावे. म्हणजे गुंठ्याला सुमारे 560 ग्रॅम तेल व 180 ग्रॅम साबण. तवंगामुळे किड्यांना हवा घेता येत नाही व ते मरतात. एरवी त्यांना राहू द्यावे. डासांच्या अळ्या ते फुकटात खातात.