नाताळचा गुप्त दाता

डिसेंबर महिना लागला, कीं शहरांतील मोठमोठ्या दुकानांच्या कांचेआड तांबड्या झग्यांतील, पांढऱ्या दाढीचा एक हसतमुख म्हातारा उभा राहिलेला दिसतो. नाताळच्या आदल्या रात्रीं हा सांता क्लॉज गुपचूप येऊन पायमोज्यांत भेटी ठेवून जातो, असें अनेक ख्रिस्ती घरांतून मुलांना सांगण्यांत येतें. हा म्हातारा कोण, कोठला आणि तो रात्रींच कां येतो, याची थोडी विचारपूस आज करावयाची आहे.

नाताळच्या भेटी म्हटल्या, कीं पुष्कळांना प्रथम पूर्वेकडील ज्ञानी पुरुष आठवतात. त्यांनीं बाळ येशूपुढें सोनें, ऊद व गंधरस ठेवल्याची कथा मत्तयाच्या शुभवर्तमानांत आहे. ते तीन होते, असें मात्र तेथें म्हटलेलें नाहीं. भेटी तीन, म्हणून माणसेंही तीन, असा हिशेब मागाहून झाला. परंतु राजास नजराणा द्यावा, तशी ती भेट उघडपणें दिलेली होती. अंधारांत येऊन, न दिसतां देण्याची रीत निराळ्या कथेंतून आली आहे.

ती कथा आशिया मायनरच्या दक्षिण किनाऱ्यावरची. तेथें लिसिया प्रांतांत मायरा नांवाचें नगर होतें. आज तें तुर्कस्तानांत असून त्यास देमरे म्हणतात. ख्रिस्ती शकाच्या चौथ्या शतकांत निकोलस नांवाचा साधुपुरुष तेथें बिशप होता, असें परंपरा सांगते. त्याच्याविषयीं समकालीन लिखाण उपलब्ध नाहीं. विस्तृत चरित्रें लिहिलीं गेलीं, तीं कित्येक शतकांनंतर. तेव्हां पुढील गोष्ट इतिहास म्हणून नव्हे, तर आख्यायिका म्हणूनच ऐकावी.

निकोलसास तरुणपणींच आईबापांमागें मोठी संपत्ति मिळाली होती. त्याच्या गांवांत एक खानदानी गृहस्थ दारिद्र्यास पोंचला. घरांत तीन उपवर मुली आणि हुंड्यास कवडी नाहीं. अखेर मुलींना लाजिरवाण्या व्यवसायास लावण्यावांचून त्या बापास दुसरा मार्ग दिसेना. हें कानीं येतांच निकोलसानें सोन्यानें भरलेली थैली रात्रीं हळूच त्यांच्या खिडकींतून आंत टाकली. थोरलीचें लग्न झालें. कांहीं दिवसांनीं दुसरी थैली पडली. मधलीचेंही लग्न झालें. आतां हा उपकारकर्ता कोण हें पाहावयाचेंच, म्हणून बाप जागत बसला. तिसरी थैली पडतांच त्यानें धांवत जाऊन निकोलसास गांठलें व त्याचे पाय धरले. तेव्हां निकोलसानें त्याला एकच गोष्ट मागितली: हयातभर ही हकीकत कोणास सांगूं नये.

पुढें कथेस शाखा फुटल्या. थैली धुराड्यांतून पडली व वाळत घातलेल्या मोज्यांत शिरली, असें कोणी सांगूं लागले. चित्रकारांनीं थैल्यांच्या जागीं सोन्याचे तीन गोळे काढले. १०८७ सालीं इटलींतील बारी शहराच्या खलाशांनीं संताच्या अस्थि मायराहून उचलून नेल्या, आणि पश्चिम युरोपांत त्याची कीर्ति अधिकच वाढली. ६ डिसेंबर हा त्याचा दिवस. हॉलंडांत त्याच्या आदल्या संध्याकाळीं मुलें चुलाण्यापाशीं बूट मांडून ठेवतात आणि संताच्या घोड्यासाठीं त्यांत गवत किंवा गाजर घालतात. डच भाषेंतील त्याचें नांव सिंटरक्लास. अमेरिकेंत त्याचेंच सांता क्लॉज झालें. १८२३ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील ट्रॉय गांवच्या वृत्तपत्रांत छापलेल्या एका कवितेनें त्यास आठ रेनडिअरांची घसरगाडी दिली, तर थॉमस नास्ट या चित्रकारानें १८६३ पासून त्याचें गुबगुबीत रूप लोकांच्या डोळ्यांपुढें ठसविलें. बिशपाची टोपी गेली, दंड गेला. रात्रीं येऊन न दिसतां जाणें तेवढें राहिलें.

हें राहिलें, यांतच मला कथेचें मर्म वाटतें. मी शिक्षक असतांना एका सद्गृहस्थानें गरीब विद्यार्थ्यास पुस्तकें घेण्यासाठीं पैसे दिले. मीं त्या मुलास भर वर्गांत उभें करून, दात्याचें नांव घेऊन, तीं पुस्तकें त्याच्या हातीं दिलीं. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. दुसरे दिवशीं सकाळीं पुस्तकें माझ्या टेबलावर होतीं. वेष्टनाची दोरीसुद्धां सुटलेली नव्हती. वर्षभर तो शेजाऱ्याच्या पुस्तकांत डोकावून शिकला. पुढील वर्षीं शाळा भरण्यापूर्वींच मीं पुस्तकें त्याच्या बांकावर ठेवून दिलीं. त्यानें कांहीं विचारलें नाहीं, मींही कांहीं सांगितलें नाहीं. तीं त्यानें ठेवून घेतलीं.

आपल्याकडे गुप्तदानाचें पुण्य मोठें मानतात. पण पुण्य हा देणाऱ्याचा लाभ झाला. त्या तीन मुलींकडून पाहिलें म्हणजे दुसरी बाजू दिसते. गांवभर बोभाटा होऊन हुंडा मिळाला असता, तर सासरीं त्या जन्मभर भिक्षेच्या धन्यावर आलेल्या सुना ठरल्या असत्या. खिडकींतून पडलेल्या सोन्यानें त्यांचें लग्न झालें आणि मानही राहिली ताठ. आज नाताळच्या रात्रीं आईबाप स्वतः आणलेली भेट त्या म्हाताऱ्याच्या नांवावर घालतात, तेव्हां तेही नकळत निकोलसाचाच धडा गिरवीत असतात. सकाळीं मूल मोज्यांत हात घालतें, आणि कोणाचे आभार मानावे ही काळजी त्याला पडत नाहीं.