हिवाळी मुक्कामाचे ओझे

बर्फाळ मुलखात हिवाळ्याच्या दिवसांत तंबू ठोकून राहावयाचे, तर सामान हलके असावे, हा उपदेश जुनाच आहे. मात्र निघतेवेळी तराजूने दाखविलेले वजन अखेरपर्यंत तेच राहील असे जो समजतो, त्याची फसगत ठरलेली.

१९११ सालच्या जूनअखेरीस, अंटार्क्टिकातील ऐन हिवाळ्याच्या काळोखात, कॅप्टन स्कॉटचे तीन सहकारी एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी केप क्रोझियरकडे निघाले. विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड ही त्यांची नावे. पैकी बॉवर्स पूर्वी रॉयल इंडियन मरीनमध्ये नोकरीस होता. इरावतीच्या उकाड्यातून तो या थंडीत आला होता. पारा शून्याखाली ७७ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरला. सामानाच्या घसरगाड्या हे तिघे स्वतःच ओढीत. रोज शिधा आणि तेल खर्च होत होते. तेव्हा ओझे घटावयास हवे होते. पण चेरी-गॅरार्डची झोपण्याची पिशवी निघताना १८ पौंडांची होती, ती पाच आठवड्यांनी परतताना ४५ पौंडांची झाली! तंबूही ३५ पौंडांवरून ६० वर गेला.

ही भर आली कोठून? श्वासातून आणि घामातून. अंगातून निघालेली वाफ पिशवीच्या कातड्यात गोठे, रात्री अंगाच्या उबेने थोडी वितळे आणि सकाळी पुन्हा गोठे. पिशवी फळीसारखी ताठ होई.

म्हणून एखादे भांडे कमी केल्याचे समाधान हिवाळ्यात फारसे कामाचे नाही. अंगाखालची जाड चटई तर कधीच कमी करू नये. इंधनाचीही तीच गोष्ट. एक किलो बर्फाचे नुसते पाणी करण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी पुढे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. मऊ पिसांची पिशवी वजनाला सर्वांत हलकी खरी, परंतु भिजली की तिची ऊब जाते. लांबच्या मुक्कामात तिच्या आत वाफ न झिरपणारे अस्तर घालतात, ते यासाठीच. निजताना नाकतोंड पिशवीबाहेर ठेवावे. चढ लागण्यापूर्वी, घाम येण्याच्या आधीच, अंगावरचा एक कपडा उतरवावा. आणि तंबूच्या कापडाला आतून धरलेले हिमकण स्टोव्ह पेटविण्यापूर्वी झाडून बाहेर टाकावेत. वितळून ते कापडात मुरले, की दुसऱ्या दिवशी पाठीवर वाहून न्यावे लागतात.