कोठार आणि पेरणी

पेरणी म्हटली, कीं श्रोत्यांना शेत आठवेल. पण संगणकांतही पेरणी होते. जाळ्यावर चालणारा कार्यक्रम प्रथम उघडतो, तेव्हां त्याच्या डेटाबेसांत तक्ते आंखलेले असतात, नोंद मात्र एकही नसते. राज्यांची यादी, वस्तूंचे प्रकार, पहिला व्यवस्थापक, इतकें तरी आधीं भरावें लागतें. या भरणीस ‘सीडिंग’ म्हणतात.

डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘रूबी ऑन रेल्स’ या साधनसंचांत यासाठीं ‘सीड्स’ नांवाची स्वतंत्र फाइल असते. तिला लागणारीं अवजारें पुष्कळदां ‘लिब’ या कोठारांत असतात. २०१० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत हें कोठार आपोआप उघडेनासें झालें. २०२३ सालापर्यंत नव्या कार्यक्रमांत त्यांतील फाइल नांव घेऊन मागवावी लागे, किंवा कोठाराचा मार्ग आधीं स्वतः नोंदवावा लागे. मार्ग नोंदविला, तरी फाइलीचें नांव व आंतील वर्गाचें नांव जुळलेंच पाहिजे. एरव्हीं पेरणी अर्ध्यावर अडते.

परंतु खरा धोका दुबार पेरणींत आहे. नुसती ‘निर्माण कर’ अशी आज्ञा असलेली फाइल पुन्हां चालविली, आणि तक्त्यावर एकमेवतेचें बंधन नसलें, तर एकाच्या दोन नोंदी होतात. आधीं सारें पुसून मग भरण्याची युक्ति त्याहून घातक. चालू व्यवहारांत ती ग्राहकांच्या नोंदीही खरवडून नेते. म्हणून सुज्ञ रचनाकार ‘असेल तर शोध, नसेल तरच निर्माण कर’ अशी आज्ञा लिहितो. मग पेरणी दहा वेळां झाली, तरी पीक एकच येतें.