अब्रू कोणाची, नुकसान कोणाचं?

मैत्रिणींनो, वकिलाची नोटीस आली की धीट बाईही गप्प होते. तिची तक्रार बाजूला राहते, चर्चा होते ती साहेबांच्या अब्रूची! म्हणून कायदा बघू. पूर्वीचं कलम ४९९, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३५६.

फौजदारी खटल्यात ‘खरं आहे’ एवढं पुरत नाही. ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. अधिकाऱ्याकडे सद्भावनेनं केलेल्या तक्रारीला वेगळं संरक्षण आहे, तेव्हा पोलिसांत जायला भिऊ नका. पत्रक छापताना मात्र मी दहादा तपासते. ऐकीव गोष्टीवर कुणाचं नाव घालणं मलाच पटत नाही. अब्रू समोरच्यालाही असते.

प्रिया रमाणींनी २०१८ मध्ये लैंगिक छळाबद्दल एम. जे. अकबर यांचं नाव घेतलं. त्यांनी खटला भरला. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयानं रमाणींना निर्दोष सोडलं. बाईच्या सन्मानाची किंमत देऊन प्रतिष्ठा जपता येत नाही, आणि बाई कित्येक वर्षांनीही बोलू शकते, असं न्यायालय म्हणालं. अकबर अपिलात गेले. तोवर दोन वर्षांहून जास्त काळ कोर्टाच्या पायऱ्या मात्र आरोपी म्हणून तिनंच झिजवल्या होत्या.

तुमच्यापैकी कुणाला नोटीस आली असेल तर पुढे या, चहानंतर आपण ती एकत्र वाचू.