सौरयुगाला हवेत कुशल हात

(महाविद्यालयीन विद्यार्थी आणि त्यांच्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, अजूनही अनेक मराठी घरांत पकड, पाना, हातोडी पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. त्याच घरातील मुलाने उन्हाळ्याच्या सुट्टीत तोच पाना घेऊन कुणाच्या गच्चीवर चढायचे म्हटले, की मात्र आईवडिलांचा चेहरा उतरतो. ‘इंजिनिअर व्हायचे आहे की वायरमन?’ असे त्याला विचारले जाते. स्वच्छ ऊर्जेच्या क्षेत्रातील प्रशिक्षण आणि नोकऱ्या यांचे खरे दुखणे या प्रश्नात आहे.

जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेतील निम्मा वाटा कोळसा, तेल, वायू यांखेरीजच्या स्रोतांचा झाला. २०३० साठी ठरविलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले गेले. त्याआधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसविण्याचा संकल्प करणारी ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. अभिमान वाटावा अशाच या गोष्टी आहेत. परंतु स्थापित क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. एक किलोवॅटचा संच स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण चार युनिट वीज देतो. काचेवर धूळ आणि कबुतरांची घाण साचली, एखादा जोड सैल झाला, शेजारच्या टाकीची सावली पडू लागली, की हा आकडा निमूटपणे खाली येतो. घरमालकाला ते कळतही नाही. पंचवीस वर्षे चालावा म्हणून बसविलेल्या संचाकडे पंचवीस वर्षे पाहणार कोण?

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर कार्यानुभवाला श्रेयांक मिळू लागले, हे उत्तम झाले. त्याचबरोबर प्रमाणपत्रांचा एक बाजारही उभा राहिला. घरबसल्या चार चित्रफिती पाहायच्या, वर शुल्कही भरायचे आणि ‘इंटर्नशिप पूर्ण’ असा रंगीत कागद मिळवायचा! अशा कागदावर नोकरी मिळाली, तरी ती टिकवता येत नाही. याउलट केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेला ‘सूर्यमित्र’ हा ६०० तासांचा अभ्यासक्रम. आयटीआयच्या, पदविकेच्या मुलांना संच जोडणे आणि त्याची निगा राखणे तो शिकवतो. पदवीधरांनी त्याकडे कमीपणाने पाहावे, असे त्यात काय आहे?

ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधक. अमेरिकेतील डॉक्टरेट, मुंबईतील प्रतिष्ठेची नोकरी, सारे काही हाताशी होते. ते सोडून त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुलेही तेथे जोडकाम, वीज, बांधकाम, शेती शिकू लागली. ती शिकली ती गावकऱ्यांची खरी कामे करून, आणि कामाचा मोबदला घेऊन. फाटक वाकडे झाले तर गिऱ्हाईक बोलणार, याची जाणीव कोणत्याही परीक्षेपेक्षा कडक असते. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रमाचे काम चालू आहे. ऊर्जाक्षेत्रातील इंटर्नशिप कशी असावी, हे ठरविणाऱ्या प्राध्यापकांनी एकदा पाबळला जाऊन यावे.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील एकात्म मानवदर्शनाच्या व्याख्यानांतून विकेंद्रित अर्थव्यवस्थेचा आणि प्रत्येक हाताला कामाचा आग्रह धरला होता. सौरऊर्जा स्वभावतःच विकेंद्रित आहे. शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० हाती घेतली. तिच्यातील वैजापूर तालुक्यातील धोंदलगावचा प्रकल्प अवघ्या तीन मेगावॅटचा आहे. असे छोटे प्रकल्प तालुक्यातालुक्यांत उभे राहतात, तेव्हा देखभालीची कामेही तेथेच निर्माण होतात. ती वैजापूरच्याच मुलांना मिळावीत. त्यासाठी त्यांना पुण्यात खोली भाड्याने घेण्याची पाळी येऊ नये. जवळच्या महाविद्यालयांनी मात्र आताच जागे व्हायला हवे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही येथे जागा आहे. सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून आघाडीच्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरण व सामाजिक उत्तरदायित्वाचा अहवाल बंधनकारक केला. वीज, पाणी, कचरा यांचा हिशेब लिहिणारी माणसे त्यामुळे हवी आहेत. पण ज्याने बॉयलर पाहिलेला नाही, त्याने वातानुकूलित खोलीत लिहिलेला अहवाल ही कादंबरीच ठरण्याचा धोका असतो!

स्वदेशीचा विचार करणाऱ्यांनी आणखी एक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी. सौरपटलांच्या निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा जागतिक वाटा ८० टक्क्यांहून अधिक असल्याचे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये नोंदविले होते. सिलिकॉन, वेफर, सेल यांवर काम करणारे पदार्थविज्ञानाचे आणि रसायनशास्त्राचे पदवीधर तयार झाल्याखेरीज हे परावलंबन सुटणार नाही.

इंटर्नशिप स्वीकारण्यापूर्वी पालकांनी विद्यावेतनाचा आकडा जरूर विचारावा. पण छपरावर चढताना सुरक्षापट्टा मिळणार का, विमा आहे का, शिकविणारा तंत्रज्ञ सोबत असेल का, हे त्याआधी विचारावे. आणि विद्यार्थ्यांनी प्रारंभ आपल्याच सोसायटीपासून करावा. गच्चीवर संच असेल तर रोज संध्याकाळी मीटरवरचा आकडा वहीत टिपावा. चैत्रात किती, आषाढात किती, काच धुतल्यावर किती वाढला, हे त्या वहीत असेल. नोकरीच्या मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रासोबत तीही न्यावी.